माश्या बांधायचा उद्योग

मागच्या कोजागिरीला मंडळाच्या कार्यक्रमात, मसाला दुधाच्या रांगेत उभा असताना, नुकत्याच पेन्सिल्व्हेनियात आलेल्या एका जोडप्याशी ओळख झाली. गाव कुठलं, कंपनी कुठली, एच-वन की ग्रीन कार्ड, हे सगळं झाल्यावर त्या गृहस्थांनी विचारलं, "मग वीकएंडला काय करता?" मी खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, "माश्या बांधतो." त्यांचा चेहरा बघून आमच्या सौ.नी खुलासा केला, "लोक घरी बसून माश्या मारतात, हे बांधतात. एवढाच काय तो फरक."

तेव्हा मंडळी, हा लेख म्हणजे माझ्या बाजूची कैफियत समजा.

इथल्या ट्राऊट नावाच्या माशाला पकडायला गळाला आमिष न लावता, पिसं, रेशीम आणि लोकर बांधून तयार केलेला खोटा किडा वापरतात. त्याला फ्लाय म्हणायचं. तरंगणारी ती ड्राय फ्लाय, बुडणारी ती वेट फ्लाय. सिनेमात आणि कॅलेंडरवर दिसते ती बहुधा ड्राय. पण ट्राऊट आपलं बहुतेक जेवण पाण्याखालीच उरकतो. मेफ्लाय, कॅडिस असले किडे नदीच्या तळाशी वाढतात आणि एका ठरावीक संध्याकाळी पाय मारत, धडपडत वर येऊन, कात टाकून उडून जातात. त्या वरच्या प्रवासात ते अगदी असहाय असतात. माशाच्या दृष्टीनं ही आयती पंगत. त्या धडपडीची नक्कल करणारी फ्लाय म्हणजे सॉफ्ट हॅकल. हॅकल म्हणजे गळाच्या मानेभोवती गुंडाळलेलं पीस, आणि ते मऊ असतं म्हणून सॉफ्ट.

माझी सुरुवात मात्र साफ चुकली. माणूस मेकॅनिकलचा, मास्टर्स इथलं, आणि वीस वर्षं टॉलरन्सवर पोट भरलेलं. त्यामुळे मी व्हाइस आणला, भिंगाचा दिवा आणला, व्हर्नियर कॅलिपर तर घरात होताच. मेफ्लायच्या शरीराला किती वळ्या असतात हे पुस्तकात बघून तेवढेच वेढे दिले. शेपटीचे तीन केस मोजून लावले. मानेभोवती कोंबड्याचं चकचकीत ताठ पीस सहा वेढे घट्ट गुंडाळलं, कारण पाय भरपूर दिसले पाहिजेत. अशा दोन डझन माश्या तयार झाल्या. शोकेसमध्ये ठेवाव्यात अशा! एक अख्खा उन्हाळा त्या घेऊन मी नदीवर गेलो. त्या उन्हाळ्यात मला लागलेल्या माशांची संख्या सांगायला एका हाताची बोटंसुद्धा लागत नाहीत.

साहजिकच मी स्प्रेडशीट केलं. पाण्याचं तापमान, ढग, वेळ, फ्लायचा नंबर. त्यातून काहीही निष्पन्न झालं नाही.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये बाबा आले. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. गावच्या घरात एकटे नकोत म्हणून मीच आग्रह करून बोलावलं. पण आपल्यापैकी ज्यांनी आईवडिलांना सहा महिने इथं ठेवून घेतलंय, त्यांना पुढचं सांगायला नको. सकाळी आठला घर रिकामं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. चालत जावं असं दुकान नाही. टीव्हीवरचं कळत नाही आणि कळलं तरी रुचत नाही. बाबा खिडकीत बसून असायचे. संध्याकाळी मी आलो की "आलास?" आणि रात्री "झोपतो आता." एवढंच संभाषण. महिनाभरात मला वाटायला लागलं, की यांना इथं आणून मी एका रिकाम्या घरातून दुसऱ्या रिकाम्या घरात ठेवलंय.

एके रात्री मी गराजमध्ये व्हाइसपुढे बसलो होतो, तर बाबा मागे येऊन उभे राहिले. हे तसे कर्लीच्या खाडीकाठचे. नोकरी शाळेत कारकुनाची, पण आयुष्यभर भरती-ओहोटीचं गणित घड्याळाआधी कळणारे. लहानपणी मी त्यांच्याबरोबर गरवायला जायचो. (घाटावरच्या मंडळींसाठी: गरी म्हणजे गळ, आणि गळ टाकून मासे धरणं म्हणजे गरवणं.) नंतर मी बारावी, इंजिनिअरिंग आणि अमेरिका या रुळावर लागलो, आणि तो विषय सुटला तो सुटलाच.

बाबांनी माझी एक माशी उचलली, दिव्यासमोर धरली, म्हणाले, "ह्या काय रे?" मी समजावलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. रिसायकलिंगच्या डब्यात लोणच्याची धुतलेली रिकामी बरणी होती. ती पाण्यानं भरून आणली, माशीला दोरा बांधला, आणि पाण्यात सोडून हलके हलके वर-खाली केली. माझी माशी बाटली धुवायच्या ब्रशसारखी वर गेली आणि ब्रशसारखीच खाली आली. एक तंतू हलेल तर शपथ.

"ही तर मेलेली आसा," बाबा म्हणाले. "पाण्यात गेल्यार हालूक होयी. मासो खुळो नाय."

मग, त्या महिन्यात पहिल्यांदाच, ते सलग अर्धा तास बोलले. तांबोशीला जिवंत सुंगट लावताना गरी कुठून घालायची, म्हणजे ते मरत नाही आणि पाय मारत राहतं. त्या पाय मारण्यावर मासा कसा येतो. तेच सुंगट मेलं, की त्याच गरीवर, त्याच जागी कसा तासभर शुकशुकाट. मी ऐकत होतो आणि मनातल्या मनात माझ्या स्प्रेडशीटमधले रकाने मोजत होतो. हालचाल हा रकाना त्यात नव्हताच.

त्या रात्रीपासून ती बरणी आमच्या गराजची प्रयोगशाळा झाली. ज्यांना यात पडायचं असेल, किंवा मुलांना घेऊन जायचं असेल, त्यांच्यासाठी आमचे निष्कर्ष सांगतो.

पहिली गोष्ट पिसाची. कोंबड्याच्या मानेचं पीस ताठ असतं. ड्राय फ्लाय तरंगावी म्हणून ते मुद्दाम तसं निवडतात. पाण्याखाली त्याचा उपयोग नाही. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट घन, त्यामुळे हवेत फुंकरीनं जे हलत नाही तेही प्रवाहात हललं पाहिजे असं आपल्याला वाटतं. पण प्रवाह फ्लायला दाबतोही तितक्याच जोरानं. ताठ तंतू तसाच उभा राहतो आणि अति लुळा तंतू अंगाला चिकटून बसतो. आपल्याला हवा आहे तो वाकून पुन्हा उठणारा. तितर जातीच्या ग्रे पार्ट्रिजच्या पाठीचं करडं-तपकिरी ठिपक्यांचं पीस, साध्या कोंबडीच्या मानेचं पीस, आणि बारीक माशीसाठी स्टार्लिंगचं काळं, किंचित जांभळी झाक असलेलं पीस, या तिघांत माझं नव्वद टक्के काम भागतं. मुलांनी अंगणात सापडलेलं सुंदर पीस उचलून आणलं तर मात्र सांभाळा. अमेरिकेत बहुतेक देशी पक्ष्यांची पिसं बाळगणं 1918 सालच्या स्थलांतरित पक्षी करार कायद्यानं गुन्हा आहे. स्टार्लिंग युरोपातून आलेला उपरा, त्यामुळे त्याला ते संरक्षण नाही.

दुसरी गोष्ट लांबीची. इथं माझं शिक्षण एकदाचं उपयोगी पडलं. पिसाचा प्रत्येक तंतू म्हणजे एक कँटिलिव्हर, एका टोकाला घट्ट, दुसरीकडे मोकळा. टोकाशी तेवढंच बल लावलं आणि लांबी दुप्पट केली, तर तो आठपट वाकतो. जाडी निम्मी केली तर सोळापट. म्हणजे पिसाच्या निवडीत केसभर फरक केला की हालचालीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तंतूचं टोक गळाच्या वळणापर्यंत किंवा जरासं पुढे पोचावं. आखूड झाला तर हलत नाही, फार लांब झाला तर सगळे मिळून भिजलेल्या शेंडीसारखे मागे लोंबतात.

तिसरी, आणि आपल्या लोकांना सर्वांत अवघड, म्हणजे हात आखडता घेणं. पाहुण्याला वाढल्यासारखं पीस वाढायचं नाही. दीड वेढा, फार तर दोन. पार्ट्रिजच्या पिसाची एक बाजू सोलून टाकली तर आणखी बरं. मी आता पंधरा-वीस तंतूंच्या वर जात नाही. तंतूंच्या त्या जाळीतून पलीकडच्या वर्तमानपत्राचा मथळा वाचता आला पाहिजे. तंतू विरळ असले की प्रत्येकाला स्वतःच्या मर्जीनं हलायला जागा मिळते, आणि गर्दी झाली की सगळे मिळून एकच ब्रश. माझ्या पहिल्या दोन डझनांचं नेमकं हेच झालं होतं.

आणि पिसाच्या मागे, छातीच्या जागी, सशाच्या कानाजवळची खरखरीत लव चिमूटभर वळून लावायची. बाहेरून दिसायला ती उगाच वाटते. पण तीच तंतूंना मागून टेकू देते. वाहत्या पाण्यात तंतू मागे झुकतात, त्या गाठीवर टेकतात, आणि दाब कमी होताच परत उघडतात. मिटणं आणि उघडणं. बरणीत हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा बाबा नुसतं "हां" म्हणाले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ. शिवाय त्या लवेत हवेचे बारीक बुडबुडे अडकतात आणि पाण्यात चकाकतात. वर येणाऱ्या खऱ्या किड्याच्या अंगावरही असेच चकाकताना दिसतात.

पाणी कसं आहे यावर निवड बदलते. संथ, आरशासारख्या पाण्यात सगळ्यांत मऊ पीस आणि बारीक गळ, सोळा-अठरा नंबरचा. (नंबर वाढला की गळ लहान होतो. हे उलटं गणित कोणी ठरवलं देव जाणे.) खडकांवरून उसळत्या पाण्यात तेच मऊ पीस मिटून जातं, तिथं कोंबडीचं थोडं तकवा असलेलं पीस आणि बारा-चौदा नंबर. जपानच्या डोंगरातले कोळी तर हॅकल चक्क उलटं, पुढे तोंड करून बांधतात. साकासा केबारी म्हणतात त्याला. दोरीला हलका हिसका दिला की ती छत्रीसारखी उघड-मीट करते. एक करून बघितली, बरणीत फारच छान दिसली. नदीत अजून काही लागलेलं नाही, पण तो दोष माझ्या मनगटाचा असावा.

दुकानातून विकत घ्यायची असेल, तर काउंटरवर एक पेलाभर पाणी मागा. लाजू नका. आपण भाजी घेताना भेंडीचं टोक मोडून बघतो, तसंच हे. कोरडेपणी सुंदर दिसणारी माशी ही गिऱ्हाईकासाठी बांधलेली असते. पार्ट्रिज अँड ऑरेंज नावाची जुनी माशी आहे. नारिंगी रेशमाचं अंग आणि पार्ट्रिजचं पीस, बस्स, दुसरं काही नाही. कोरडी असताना ती भगव्या झेंड्यासारखी भडक दिसते. ओली झाली की तेच रेशीम गडद, तांबूस तपकिरी होतं, आणि एकदम किड्यासारखं दिसायला लागतं. माशाला ती नेहमी ओलीच दिसणार!

हे सगळं शोधून काढल्याचा मला थोडा अभिमान वाटायला लागला होता. तेवढ्यात लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या सेलमध्ये सिल्व्हेस्टर नेम्सचं 1975 सालचं 'द सॉफ्ट-हॅकल्ड फ्लाय' हे पुस्तक हाती लागलं, आणि अभिमान उतरला. इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायरच्या नद्यांवर, लोक हे कैक पिढ्यांपासून जाणत होते. स्कॉटलंडच्या स्ट्युअर्टनं 1857 साली आपल्या पुस्तकात मऊ पिसाच्या 'स्पायडर' माश्यांची तरफदारी केली. त्याच्या काळ्या स्पायडरला स्टार्लिंगचंच पीस. टी. ई. प्रिट यांनी 1885 साली यॉर्कशायरच्या माश्यांचं सबंध पुस्तकच काढलं. खरा धक्का पुढेच होता. अमेरिकेत ही विद्या ज्यानं नावारूपाला आणली तो जेम्स लायझेनरिंग राहायचा कुठे, तर ॲलनटाऊनला! म्हणजे आम्ही ज्या इंडियन ग्रोसरीत कढीपत्ता आणायला जातो, त्याच गावात. 1941 साली पीट हायडीच्या मदतीनं त्याचं 'द आर्ट ऑफ टाइंग द वेट फ्लाय' हे छोटंसं पुस्तक निघालं. त्याची आवडती नदी ब्रॉडहेड, आमच्या घरापासून उत्तरेला तासाभरावर. आणि मी इतकी वर्षं त्याच रस्त्यानं पोकोनोजला पानांचे रंग बघायला पाहुण्यांना नेत होतो.

लायझेनरिंगची मुख्य युक्ती त्याच्याच नावानं ओळखली जाते: लायझेनरिंग लिफ्ट. मासा जिथं असेल असं वाटतं, त्याच्या बऱ्याच वरच्या अंगाला माशी टाकायची आणि मोकळी बुडू द्यायची. काठीचं टोक तिच्याबरोबर न्यायचं. ती माशाच्या जरा अलीकडे आली की काठी थांबवायची. हिसका द्यायचा नाही, ओढायचं नाही, नुसतं थांबायचं. दोरी ताणली जाते आणि प्रवाहच माशीला तळापासून वर उचलतो. पिसं उघडतात, हलतात. माशाला वाटतं, सावज निसटतंय.

मे महिन्याच्या शेवटी एका शनिवारी बाबांना घेऊन ब्रॉडहेडला गेलो. पाहुण्यांसाठी थोड्या दिवसांचं लायसन्स मिळतं ते काढलं, त्यावर ट्राऊटचं वेगळं परमिट. "पाण्यात हात घालूक पण कागद?" असं म्हणून झालं. सौ.नी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. संध्याकाळी सातच्या सुमारास, उन्हं कलली आणि पिवळट रंगाच्या सल्फर मेफ्लाय पाण्यावर दिसायला लागल्या. बाबांना पाण्यात उतरू देणार नव्हतो, गुडघे दुखतात. काठावरच्या एका सपाट खडकावर ते उभे राहिले. चौदा नंबरची माशी, पिवळ्या रेशमाची, कोंबडीचं फिकट पीस, दीड वेढा. बरणीत पास झालेली.

पहिल्या दहा-बारा वेळा दोरी झाडीत अडकली. फ्लायची दोरी फेकायची तऱ्हा वेगळी, आणि त्यांचा हात खाडीचा. मग त्यांनी माझं ऐकणं बंद केलं, लांब फेकायचा नाद सोडला, आणि काठीभर दोरी समोरच्या खडकाच्या वरच्या बाजूला नुसती अलगद ठेवली. माशी बुडाली. काठीचं टोक तिच्याबरोबर चाललं. खडकाशी आल्यावर त्यांनी काठी थांबवली. मी त्यांना लायझेनरिंगचं नाव सांगितलं नव्हतं, लिफ्टही सांगितली नव्हती. सांगायचं राहून गेलं होतं.

दोरी ताठ झाली आणि काठी वाकली.

ब्राऊन ट्राऊट होता, माझ्या वितीपेक्षा थोडा मोठा, अंगावर तांबडे ठिपके. बाबांचे हात थरथरत होते. वयानं की कशानं, मी विचारलं नाही. माझा मासे सोडायचा नियम आहे, तो मी आयत्या वेळी सांगितला. पाण्यातच गळ काढला, मासा प्रवाहाकडे तोंड करून धरला, आणि तो शेपटीचा फटका मारून गेला.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. "धरलंस कित्याक, नि सोडतंस कित्याक?"

परतीच्या तासाभराच्या रस्त्यात यावर वाद झाला. मी माशांची घटती संख्या, नदीवरचा ताण वगैरे सांगितलं. ते म्हणाले, पोटासाठी धरला तर त्याला अर्थ आहे. खेळ म्हणून त्याच्या तोंडात गरी घालायची आणि वर उपकार केल्यासारखं सोडायचं, हे त्यांना पटत नाही. माझ्याकडे याचं चांगलं उत्तर नव्हतं, आजही नाही. पण गाडीत तासभर आम्ही बोलत होतो, आणि मधेच त्यांनी आईचं नाव काढलं. ती असती तर त्या माशाचं तिखलं केलं असतं, आणि काटे फार म्हणून दोघांनाही बोलली असती, असं म्हणाले. आई गेल्यापासून त्यांनी तिच्याबद्दल माझ्याजवळ काढलेला तो पहिला शब्द.

त्या उन्हाळ्यात आम्ही आणखी सात वेळा गेलो. त्यांनी धरलेले मासे ते स्वतः सोडायचे, दरवेळी कुरकुरत.

ऑक्टोबरात ते परत गेले. गेल्या गेल्या शेजारच्या गावठी कोंबडीची पिसं पाकिटात घालून पाठवायला निघाले होते. मी घाईघाईनं थांबवलं. कच्ची पिसं देशात आणण्याबद्दल इथलं शेतीखातं फार कडक आहे. गंमत म्हणजे इथल्या दुकानात 'इंडियन हेन' असं छापलेली कोंबडीची पिसं रीतसर मिळतात, आणि माझ्या सल्फर माश्यांना मी तीच वापरतो. बाबांना हे सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न किंमत काय हा होता. दुसरा प्रश्न विचारला नाही, नुसते हसले.

आता दर रविवारी सकाळी फोन असतो. आधी तब्येत, गोळ्या, पाऊस. मग बाबा विचारतात, "पाणी कसा आसा?" ब्रॉडहेडवर सरकारी मोजणी केंद्र आहे, त्याचा आकडा मी उघडूनच बसलेला असतो. परवा सांगायला लागलो, इतके घनफूट दर सेकंदाला, कालच्यापेक्षा इतके कमी...

"अरे मेल्या," बाबा म्हणाले, "गढूळ आसा की नितळ, ता सांग."

म्हटलं, नितळ आहे.